दीड ग्रॅम हवेवर बसलेला माणूस

डोंगरउताराची पायवाट. सत्तर किलोचा एक गडी माउंटन बाइकवरून सुसाट खाली येतोय. वाटेत गुडघाभर उंचीची दगडी पायरी लागते. तो सायकलीसकट हवेत जातो आणि धप्पकन खाली आदळतो. पुढच्याच क्षणी पायडल मारत निघूनही जातो. मणके जागेवर, मनगटं जागेवर, चाकं गोलच्या गोल! मग एवढा दणका गेला कुठे?

तो गेला सीटखाली आडव्या-तिरप्या बसवलेल्या, वीतभर लांबीच्या एका नळकांड्यात. सायकलवाले त्याला शॉक म्हणतात. उडी जिरवायची म्हणजे आत चांगली जाडजूड पोलादी स्प्रिंग असणार, असं कुणालाही वाटेल. पण आजच्या बहुतेक चांगल्या माउंटन बाइकच्या शॉकमध्ये स्प्रिंगचं काम करते हवा. तुम्ही-आम्ही श्वासात घेतो तीच.

किती हवा? चला, हिशेबच करू. समजा, शॉकमधली हवेची खोली १०० घनसेंटिमीटरची आहे आणि आपल्या सत्तर किलोच्या गड्यासाठी तिच्यात १५५ पीएसआय दाब भरलाय. (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंडांचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये असतो ३० ते ३५.) आपल्याभोवतीच्या हवेचाही १४.७ पीएसआय दाब असतोच. दाब दाखवणारं गेज तो शून्य धरून मोजतं, म्हणून तोही मिळवायचा. एकूण झाले सुमारे १७०, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साडेअकरा पट. याचा अर्थ, त्या इवल्या खोलीत साडेअकराशे घनसेंटिमीटर, म्हणजे सव्वा लिटरहूनही कमी हवा कोंबलेली आहे. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. आता गुणाकार करा. दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही!

तेच काम करणारी पोलादी स्प्रिंग अर्ध्या किलोच्या आसपास जाते. इथे जेमतेम दीड ग्रॅम वायू सत्तर किलोच्या माणसाला उचलून धरतो, उडीचा मार खातो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो, दिवसातून हजारो वेळा. आणि त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. ही दीड ग्रॅमची स्प्रिंग तुम्ही तुमच्या वजनाला, तुमच्या वाटेला जुळेल अशी घरच्या घरी, दोन हातांनी घडवू शकता. त्यासाठी लागतो हातभर लांबीचाही नसलेला एक सडपातळ पंप, शॉक पंप.

हवेला स्प्रिंग म्हणणं ही काही सायकलवाल्यांची कल्पना नाही. ती सायकलीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची आहे. १६६० मध्ये रॉबर्ट बॉइलने हवेवरच्या प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ हे शब्द होते. टीकाकारांनी शंका काढल्या तेव्हा त्याने इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, आखूड टोक बंद केलं आणि लांब टोकातून पारा ओतत गेला. नळी एवढी उंच की खोलीत वापरता येईना, जिन्यात उभी करावी लागली! पारा चढत गेला तशी बंद टोकातली हवा आक्रसत गेली. दाब दुप्पट झाला तेव्हा हवा निम्म्या जागेत मावली. १६६२ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि शाळेत आपण घोकलेला बॉइलचा नियम जगाला मिळाला.

आता बॉइलला ऑक्सफर्डमध्ये हवेचा पंप बनवून देणारा तरुण कोण होता बघा. रॉबर्ट हूक! तोच हूक, ज्याने १६७८ मध्ये धातूच्या स्प्रिंगचा नियम मांडला: जितकी ताणाल, तितक्या प्रमाणात ती ओढेल. माउंटन बाइकवाले आजही कॉइल (धातूची स्प्रिंग) बरी की एअर (हवेची) बरी यावर तासन्‌तास भांडतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच माणसाचे हात दोन्ही स्प्रिंगांना लागले होते, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

पण हवेत स्प्रिंगसारखं आहे तरी काय? बॉइलला वाटलं, हवेचे कण लोकरीच्या पुंजक्यासारखे दबत आणि फुगत असावेत. खरं उत्तर याहून अजब निघालं. १७३८ मध्ये डॅनिएल बर्नोलीने सुचवलं की वायूचा दाब म्हणजे धावत्या कणांचा मारा. आज आपल्याला त्यांचा वेगही माहीत आहे. आपल्या नेहमीच्या तापमानाला हवेचे रेणू सरासरी ताशी सोळाशे किलोमीटरहून जास्त वेगाने भिरभिरत असतात, आवाजापेक्षाही जोरात. शॉकच्या दट्ट्यावर दर क्षणाला असे अगणित रेणू येऊन आपटतात आणि परत फिरतात. वर बसलेला माणूस त्या टकरींच्या जोरावर तरंगत असतो. त्या खोलीत लवचीक असं काहीच नाही, आहेत ती नुसती सुसाट धावणारी, एकमेकांवर आपटणारी रेणूंची झुंड. तरीही सगळं मिळून वागतं स्प्रिंगसारखं!

आणि ही स्प्रिंग धातूच्या स्प्रिंगपेक्षा एका बाबतीत जास्त शहाणी आहे. पोलादी स्प्रिंगला पहिला मिलिमीटर दाबायला जेवढा जादा जोर लागतो, तेवढाच पन्नासावा दाबायला लागतो. हवेचं तसं नाही. १०० ची जागा ५० झाली की दाब दुप्पट, ५० ची २५ झाली की चौपट. सुरुवातीला मऊ, शेवटाकडे दगड. छोट्या खड्ड्यांना ती हळुवार दाद देते आणि मोठ्या उडीला शेवटच्या काही मिलिमीटरांत अशी ताठ होते की धातूवर धातू आदळत नाही. शेवटचा ताठरपणा आणखी हवा असेल तर हवेच्या खोलीत प्लॅस्टिकचे तुकडे बसवून ती लहान करतात, बस्स.

एवढा सोपा हिशेब, पुढे तो शर्यतीतही उतरला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॉब फॉक्सने मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींसाठी हवेचे शॉक बनवले. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. तिथली डाउनहिल जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीला पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीचा हवेवर चालणारा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉक, होता.

आता पंपाकडे येऊ. पहिला प्रश्न साहजिकच हा: घरात सायकलीचा उभा पंप आहे, कोपऱ्यावर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे, शॉकचा व्हॉल्व्हही मोटारीच्या टायरला असतो तोच, श्रेडर. मग वेगळा पंप कशाला?

उभ्या पंपाची नळी आतून साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते. १५५ पीएसआयच्या विरुद्ध त्याचा दांडा खाली रेटायला किती जोर लागेल? सुमारे ७७ किलोचा! आपला सत्तर किलोचा गडी दांड्यावर उभा राहिला तरी दांडा तळापर्यंत जाणार नाही. शॉक पंपाची नळी असते साधारण एक सेंटिमीटर रुंद. रुंदी एक तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळ एक नवमांश, म्हणून जोरही एक नवमांश: साडेआठ किलो. बसल्या बसल्या होतं. दाब ३०० पीएसआयला नेला तरी सतरा किलोच्या आतच काम भागतं.

सडपातळ असण्याचा दुसरा फायदा मला याहून सुंदर वाटतो. उभ्या पंपाच्या एका दट्ट्यात साडेतीनशे घनसेंटिमीटर हवा जाते. आपल्या १०० च्या खोलीत ती घुसली तर दाब एका फटक्यात पन्नास पीएसआयने उडी मारेल. अशा पंपाने १५५ वर थांबणार कसं? शॉक पंपाचा दांडा पंधरा सेंटिमीटर चालला, तर एका दट्ट्यात जेमतेम बारा घनसेंटिमीटर हवा जाते आणि दाब पावणेदोन पीएसआयने वाढतो. कंटाळवाणं आहे, कबूल. रिकाम्या शॉकला नव्वदेक दट्टे मारावे लागतात. पण प्रत्येक दट्टा म्हणजे स्प्रिंगची एक बारीकशी मात्रा. कॉम्प्रेसरचं तर नावच काढू नका. तो टायरसारखी मोठी पोकळी भसाभस भरायला बनवलाय, आणि शॉकच्या पोकळीत भसाभस हा शब्दच बसत नाही.

पंप मारताना एकदा लक्ष देऊन बघा. दांडा बराच वेळ सुळकन खाली जातो आणि अगदी तळाशी अडतो. का? शॉकमध्ये आधीच साडेअकरा पट दाब आहे. पंपातली हवा त्याहून जास्त दाबली गेल्याशिवाय आतला व्हॉल्व्ह उघडणारच नाही. म्हणजे पंधरा सेंटिमीटर हवेचा स्तंभ दाबत दाबत तेरा मिलिमीटरवर आणायचा, आणि मग कुठे ती शॉकमध्ये शिरायला लागते. तुमच्या सगळ्या मेहनतीचं फळ शेवटच्या बोटभर रुंदीत! म्हणून दांडा दर वेळी पार तळापर्यंत न्यायचा. अर्धवट दट्ट्यांनी हात दुखतात आणि काटा जागचा हलत नाही. पंप हाताला गरम लागतो तोही याच दाबण्यामुळे.

आणि तो काटा! पंपावरच्या गोल तबकडीच्या आत काय असतं, ठाऊक आहे? धातूची एक चपटी, कमानीसारखी वाकवलेली नळी, एक टोक बंद. जत्रेत कागदाची गुंडाळलेली पिपाणी मिळते, फुंकली की सरसर उलगडते, तसंच इथे घडतं. दाब आत शिरला की नळी सरळ व्हायला बघते. तिचं टोक केसभर सरकतं, दातेरी चाक ते सरकणं मोठं करून काट्याला देतं. यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा डोळ्यांसमोर होती वाफेची इंजिनं. आज रुग्णालयातल्या ऑक्सिजन सिलिंडरवर हीच नळी असते आणि तुमच्या सायकलीच्या पंपावरही.

पंप निवडताना सगळ्यात जास्त विचार या तबकडीचा करा. मागच्या शॉकला १५० ते ३०० पीएसआय लागू शकतात, पुढच्या फोर्कला मात्र बऱ्याचदा साठ ते शंभर. समजा, ३०० पर्यंतचं गेज पूर्ण मापाच्या दोन टक्के इकडेतिकडे दाखवतं. म्हणजे सहा पीएसआयचा फरक. शॉकच्या २०० मध्ये तो खपून जातो, फोर्कच्या साठमध्ये तो दहा टक्के झाला! म्हणून ६०० पर्यंतचं गेज बघून भुलू नका. तुमच्या सायकलीला लागतं त्याच्या जरा वर संपणारं गेज घ्या. डिजिटल पंप एकेक पीएसआय स्पष्ट दाखवतात, फोर्क बारकाईने लावणाऱ्याला ते फार सोयीचे. मला स्वतःला काटाच आवडतो. बॅटरी लागत नाही आणि बूर्दाँची नळी प्रत्येक दट्ट्याला काट्यातून बोलते. दोन पंप एकाच शॉकवर वेगवेगळे आकडे दाखवू शकतात, त्याने घाबरायचं कारण नाही. तुम्हाला तोच आकडा पुन्हा गाठता यायला हवा, म्हणून कायम एकच पंप वापरा.

बाकी बघायचं ते थोडकं. शॉकला जोडायची नळी लवचीक हवी, तिचं टोक बारीक हवं, कारण शॉकचा व्हॉल्व्ह फ्रेमच्या सांदीत दडलेला असतो. आणि हवा सोडायचं बटण असं हवं की हलकेच दाबलं तर फुस्स करून एक-दोन पीएसआयच जातील.

आता वापरू. व्हॉल्व्हची टोपी काढायच्या आधी भोवतालची माती पुसा, कारण वाळूचा एक कण आत गेला तरी सील खराब होतं. नळीचं टोक हातानेच आटे धरून फिरवा. काटा हलला की आणखी थोडं, बस्स. पाना लावायचा नाही.

इथेच नवख्यांची पहिली घाबरगुंडी उडते. काल १५५ भरलं होतं, आज पंप लावला तर काटा १४८ दाखवतो! हवा गळली? नाही. पंपाची जोडनळी आणि तबकडी रिकामी होती, शॉकमधली हवा तिकडेही पसरली. नळीत पाच घनसेंटिमीटर जागा असेल तर १०० ची खोली १०५ ची झाली, आणि जिन्यात नळी उभी करणाऱ्या बॉइलच्या नियमाने आकडा येतो बरोब्बर १४८ च्या आसपास. मोजायला गेलात की मोजायची गोष्टच बदलते! पुन्हा १५५ पर्यंत भरा आणि टोक झटकन सोडवा. तेव्हा ‘फिस्स’ असा आवाज येईल. बरेच जण तो ऐकून हळहळतात, उगाच दोन-चार दट्टे जास्त मारून ठेवतात. चांगल्या पंपात व्हॉल्व्ह आधी मिटतो, मग सील सुटतं. सुटलेली हवा नळीतली असते, शॉकमधले १५५ तसेच राहतात.

सुरुवात कुठून करायची? मागच्या शॉकसाठी एक ढोबळ अंदाज चालतो: तुमचं वजन पौंडांत जितकं, तितके पीएसआय. सत्तर किलो म्हणजे १५४ पौंड, आपले १५५ तिथूनच आले. टायरच्या मानाने हा दाब एवढा जास्त का, तर शॉक एका तरफेच्या आखूड टोकाला असतो. मागचं चाक १५० मिलिमीटर वर-खाली होतं तेव्हा शॉक जेमतेम ५५ ते ६० मिलिमीटर दबतो. हालचाल अडीच पटींनी आटली की जोर अडीच पटींनी वाढतो, आणि तो सगळा त्या दीड ग्रॅमवर येतो.

मग खरी परीक्षा. नेहमीचे बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवा. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी असते, ती सीलला टेकवा. सायकलीवर हळूच बसा, भिंतीला हात लावून तोल सांभाळा, तशाच हळूच उतरा. कडी किती सरकली? याला म्हणतात सॅग. मागे एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के, हे बहुतेक सायकलींना मानवतं. शॉकची चाल ५५ असेल तर कडी चौदा ते सोळा मिलिमीटरवर थांबायला हवी. कमी सरकली तर हवा सोडा, जास्त सरकली तर भरा. सॅग असायलाच का हवी? कारण चाकाला नुसतं वर उचललं जाऊन भागत नाही. समोर खड्डा आला की त्याला खालीही उतरता आलं पाहिजे.

आणि आत अजून एक चमत्कार लपलाय. हवेची खोली एक नसते, दोन असतात! मोठी खोली शॉकला लांब ढकलते, छोटी उलटी, आखूड करायला ओढते. स्वतःच्याच विरुद्ध काम करणारी स्प्रिंग कशासाठी? नुसती मोठी खोली असती तर पूर्ण ताणलेल्या शॉकवर आतून पूर्ण दाब टेकलेला राहिला असता आणि छोट्या खडीला तो हललाच नसता. उलटी खोली सुरुवातीलाच तो ताण खाऊन टाकते, मग शॉक वाळूच्या खरखरीलाही दाद देतो. दोन्ही खोल्यांमध्ये एक बारीक वाट असते आणि ती चालीच्या एका ठरावीक जागीच उघडते. म्हणून भरताना दर ५० पीएसआयला थांबायचं आणि शॉक दहा-वीसदा सावकाश दाबून सोडायचा, म्हणजे हवा दोन्हीकडे सारखी होते. लगेच काटा खाली आलेला दिसेल. ती हवा शेजारच्या खोलीत गेली, कुठे हरवली नाही. हवा काढतानाही असंच, थोडी थोडी, मधे मधे दाबत. सगळी एकदम सोडून दिलीत तर उलटी खोली शॉकला आत ओढून धरते.

स्प्रिंग वायूची, म्हणून ऋतूही तिला लागतात. पहाटे वीस अंशांना १५५ भरून सायकल मोटारीच्या डिकीत टाकलीत आणि मे महिन्याच्या दुपारी आत ४५ अंश झाले, तर शॉकमध्ये १७० च्या जवळ दाब असतो. मुंबईत ७० भरलेला फोर्क लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या खिंडीत नेलात तर तो ७७ च्या आसपास होतो, कारण बाहेरून दाबणारी हवाच निम्मी उरलेली असते. म्हणून मनाली-लेहच्या वाटेला लागणाऱ्यांनी पंप सामानात ठेवावाच.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. फोर्क आणि शॉक बनवणाऱ्याने जी कमाल मर्यादा लिहिली आहे तिच्या वर कधी जाऊ नका. आणि काही शॉकना झाकणाआड दुसरा एक व्हॉल्व्ह असतो, त्यात तेलाच्या भागावर दाब ठेवणारा नायट्रोजन भरलेला असतो. तो आपला प्रांत नाही, सर्व्हिसवाल्याचा.

माझं मत विचाराल तर हलकी चाकं, भारी हँडल, रंगीत पायडलं हे सगळं नंतर. सस्पेन्शनची सायकल घेतलीत की त्याच आठवड्यात शॉक पंप घ्या. पुढचा आणि मागचा असे दोन आकडे पट्टीवर लिहून फ्रेमच्या खालच्या बाजूला चिकटवा. दर राइडला पाच पीएसआय वर किंवा खाली करून बघा आणि कुठल्या आकड्याला सायकल तुमच्या मनासारखी चालते, ते स्वतः शोधून काढा.